गढीपाशी राहणारी माणसं

नॉटिंगहॅमहून डर्बीकडे जाणारी, सगळीकडे थांबणारी गाडी बीस्टन सोडते आणि चारेक मिनिटांत एका लहान स्टेशनात शिरते. दोन फलाट, बाजूला रस्त्याचं फाटक, फाटकापलीकडे विटांची घरं. गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा कोल्हापूरहून आमच्याकडे आले होते, तेव्हा एका शनिवारी मी त्यांना घेऊन तिथे उतरले. गाडी निघून गेली. बाबांनी चष्मा पुसून पाटी वाचली आणि जागचे हललेच नाहीत.

"ॲटनबरो? म्हणजे आपले ते प्राण्यांचे? त्यांच्या नावाचं स्टेशन आहे?"

बाबांना इंग्रजी बोललेलं निम्मंच कळतं, पण प्राण्यांवरच्या माहितीपटांतला डेव्हिड ॲटनबरो यांचा आवाज ते कुठेही ओळखतात. निवृत्तीनंतरच्या कितीतरी दुपारी त्यांनी त्या आवाजाच्या सोबतीने काढल्या आहेत. आई गेल्यानंतरच्या तर जवळजवळ सगळ्याच.

"बाबा, त्यांच्या नावावरून गाव नाही पडलं. गाव खूप आधीचं. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या कागदांत सापडतं."

"मग ते मूळचे इथले. ॲटनबरोकर," असं म्हणून बाबा चालायला लागले. त्यांच्यापुरता प्रश्न सुटला होता. माझ्यापुरता तो गेली काही वर्षं सुटत नाहीये.

मी इथल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. फोनवर माणूस आडनाव सांगतो, मी टाइप करते, पडद्यावर यादी उघडते. स्मिथ म्हटलं की पडदा भरून जातो. जन्मतारीख आणि घराचा पत्ता विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ब्रिटनमध्ये स्मिथ आडनावाची पाच लाखांहून अधिक माणसं आहेत. पण कधी कधी एखादं आडनाव टाइप करावं आणि पडद्यावर एकच ओळ यावी, असंही होतं. फोनवरचा माणूस अक्षर न् अक्षर सावकाश सांगत असतो, कारण जन्मभर त्याला ते सांगावंच लागलेलं असतं. त्या एका ओळीकडे बघताना मला दर वेळी थोडं थांबावंसं वाटतं. ही माणसं एवढी थोडी का? बाकीची कुठे गेली?

माझ्या माहेरचं आडनाव असंच आहे. पन्हाळ्याच्या अंगाला एका गावात चार घरं आणि कोल्हापुरात आमचं एक. बाबांना आम्ही दोघी मुली. काकांना एक मुलगा, त्याला एक मुलगी. लहानपणी आजी हा हिशोब बोटांवर मोजायची आणि शेवटचं बोट मिटलं की गप्प व्हायची. तेव्हापासून थोड्या माणसांची आडनावं दिसली की मी त्यांच्या मागे जाते. आणि इथे राहायला आल्यापासून घराजवळचं, जगभर ऐकू गेलेलं आणि तरीही फार थोड्यांच्या वाट्याला आलेलं आडनाव म्हणजे ॲटनबरो. डेव्हिड आणि त्यांचे मोठे भाऊ, चित्रपट दिग्दर्शक रिचर्ड, या दोघांमुळे आपल्याला ते ओळखीचं वाटतं, पण हे आडनाव लावणाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या जवळपासही जात नाही. लाख वगैरे सोडूनच द्या.

स्टेशनपासून सरळ चालत गेलं की गाव येतं, गावाच्या कडेला ट्रेंट नदीकाठची तळी. पूर्वी इथे जमीन खोदून खडी काढत. खड्ड्यांत पाणी भरलं, पाण्यावर पाखरं आली, आणि १९६६ साली तिथे पक्ष्यांसाठी राखीव जागा झाली. तिचं उद्घाटन डेव्हिड ॲटनबरो यांनीच केलं. त्यामुळे बाबांसारखा घोटाळा इथल्याही पुष्कळांचा होतो. त्यांना वाटतं, जागेला नाव त्या माणसाचं आहे.

बाबा मात्र पाण्याकडे बघत होते. काळी, गोलसर पाखरं, कपाळावर पांढरा टिळा. "अगं, हे तर आपले वारकरी!" ते एकदम मोठ्याने म्हणाले. इंग्रजीत कूट म्हणतात तो पक्षी. रंकाळ्यावर हिवाळ्यात ते त्यांनी मला बोटाने दाखवले होते, मी सात-आठ वर्षांची असताना. गोपीचंदन लावून निघालेले वारकरी. नाव ठेवणाऱ्याने किती नीट बघितलं असेल पाखराकडे!

आडनावं ठेवणाऱ्यांनीही असंच बघितलं होतं, हेच मला बाबांना सांगायचं होतं. तळ्याच्या काठी बाकावर बसून, डबा उघडून, मी सांगितलं.

ॲटनबरो या शब्दाच्या शेपटाला जो 'बरो' आहे तो जुन्या इंग्रजीतला 'बुर्ह'. भोवती तट किंवा मातीचा बांध घातलेली राहण्याची जागा. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, गढी. किल्ला नव्हे आणि साधं घरही नव्हे, तर गावातल्या मोठ्या माणसाची गढी. आता पुढचा 'ॲटन'. गावाच्या नावातला ॲटन हा एका माणसाच्या नावाचा झिजलेला अवशेष आहे, ॲडा किंवा ॲडी असं काहीतरी नाव. बाराव्या शतकातल्या नोंदीत गावाचं नाव 'ॲडिनबुर्खा' असं येतं. म्हणजे अमक्याची गढी. तो ॲडा कोण, त्याच्या पदरी किती माणसं होती, गढी कुठे होती, सगळं पुसलं गेलं, नाव राहिलं.

पण आडनावाला दुसराही एक झरा आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'ॲटन' म्हणजे नुसतंच 'च्या-पाशी'. ॲटन बुर्ह, गढीपाशी राहणारा. गावात तीन जॉन असले की एक विहिरीपाशीचा, एक रानापाशीचा, एक गढीपाशीचा. ॲटवेल, ॲटवुड ही आडनावं अशीच झाली. ॲश वृक्षापाशी राहणारा तो 'ॲटन ॲश', पुढे बोलता बोलता ॲटनमधला न पुढच्या शब्दाला चिकटला आणि नॅश हे आडनाव तयार झालं. एवढासा न, पण सहा-सातशे वर्षं माणसं तो घेऊन फिरतायत.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती मराठी माणसाला इंग्रज माणसापेक्षा लवकर कळेल. जुन्या इंग्रजीत आपल्यासारखीच तीन लिंगं होती. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्दापुढे 'ॲटन' यायचं, स्त्रीलिंगी शब्दापुढे 'ॲटर'. बुर्ह हा शब्द आपल्या गढीसारखाच स्त्रीलिंगी. मग खरं तर 'ॲटर' यायला हवं. आलंही आहे: ॲटरबरी हे आडनाव म्हणजे तीच गढी, व्याकरण सांभाळून. मग ॲटनबरोत न कुठून आला? तर आडनावं घडत होती त्या काळात इंग्रजीतली लिंगं कोसळत होती. ओक हे झाडही मूळचं स्त्रीलिंगी, पण त्याच्यापासून रोक आणि नोक्स अशी दोन्ही आडनावं झाली; पहिल्यात ॲटरचा र अडकलाय, दुसऱ्यात ॲटनचा न. भाषा बदलत असताना कोण कुठल्या वळणावर उभं होतं, ते या एकेका अक्षरात गोठून राहिलं आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. राजांच्या लढाया इतिहासात लिहून ठेवतात. एखाद्या गावातल्या सामान्य बाईने शेजाऱ्याला हाक मारताना लिंग चुकवलं, ती चूक मात्र अशी आडनावात जिवंत राहते.

बाबांनी विचारलं, "मग ॲटनबरो गावातला माणूस म्हणून ॲटनबरो, की गढीपाशी राहतो म्हणून?"

दोन्ही असू शकतं. गावावरून असेल तर एक गोष्ट नक्की, की गाव सोडल्यावरच ते नाव चिकटलं. साताऱ्यात सगळेच साताऱ्याचे. साताऱ्याहून पुण्याला गेल्यावर माणूस सातारकर होतो. आपल्या 'कर'ने हे आपल्याला इतकं अंगवळणी पाडलंय की आपण त्याचा विचारही करत नाही. आडनावात गाव असणं ही गाव सुटल्याची खूण आहे.

गंमत अशी, की हे ॲटनबरो फार लांब गेलेच नाहीत. १८८१ च्या जनगणनेतली नावं लावून बघितली तर हे आडनाव नॉटिंगहॅमशायर आणि त्याला लागून असलेल्या भागात दाट दिसतं. व्हिक्टोरियन काळात काही लंडनला गेले, गहाणवटीच्या आणि दागिन्यांच्या धंद्यात त्यांनी नाव काढलं. पण मूळ झाड इथेच. डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक ॲटनबरो १८८७ साली स्टेपलफर्डला जन्मले. मी बसले होते त्या बाकावरून ते चार-पाच किलोमीटर असेल. बाबा म्हणाले, "म्हणजे पन्हाळ्याच्या निम्म्या वाटेवरही नाही."

फ्रेडरिक यांच्याबद्दल मात्र मला थांबून सांगायचं आहे, कारण मुलांच्या प्रसिद्धीत हा माणूस झाकला गेला. ते जुन्या इंग्रजीचे अभ्यासक होते, केंब्रिजमध्ये होते, आणि १९२२ साली त्यांनी इंग्लंडच्या सर्वांत जुन्या राजांचे कायदे मूळ पाठ आणि इंग्रजी भाषांतरासह छापले. त्यात नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाचे कायदे आहेत. एका कलमात दंड दिलेत: राजाच्या बुर्हचा तट फोडून आत शिरलं तर १२० शिलिंग. आर्चबिशपच्या बुर्हसाठी ९०. असं उतरत उतरत शेवटी साध्या शेतकऱ्याकडे येतं. त्याच्याकडे बुर्ह नाहीच, नुसतं कुंपण आहे. ते मोडलं तर पाच शिलिंग.

ज्याच्या आडनावातच बुर्ह आहे तो माणूस टेबलाशी बसून बुर्ह फोडल्याचा दंड भाषांतरित करतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आणि त्याच्या आडनावाचा पहिला मालक बहुधा गढीच्या आतला नव्हताच. गढीचा धनी स्वतःला 'गढीपाशी राहणारा' म्हणवत नाही. पाशी राहणारा तो बाहेरचा, पाच शिलिंगांच्या कुंपणातला.

अशा माणसांची नावं कागदावर कधी चढली? लोक खुशीने नाव सांगायला गेले होते असं नाही. १३७७, १३७९ आणि १३८१ अशी तीनदा डोईपट्टी बसली, वसूल करणारे गावोगाव फिरले, डोकी मोजली, आणि कोणत्या डोक्याचे पैसे आले हे कळावं म्हणून प्रत्येकाला एक नाव आणि एक ओळख लिहावी लागली. त्याच्या तीसेक वर्षं आधी, १३४८-४९ च्या प्लेगने देशातली निदान तिसरा हिस्सा माणसं नेली होती. म्हणजे त्या याद्यांमध्ये येण्याआधीच कितीतरी ओळखी संपल्या, त्यांचं आडनाव व्हायचं राहूनच गेलं. पुढे १५३८ साली प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवाव्यात असा हुकूम निघाला. पाद्री ऐकेल तसं लिहायचा. त्यामुळे ॲटनबरो, ॲटनबॅरो, ॲटनबर्रो अशा स्पेलिंगांच्या कितीतरी तऱ्हा झाल्या, आणि काही तशाच वेगळ्या घराण्यांची नावं होऊन बसल्या.

आणि इथून पुढे आजीच्या बोटांचा हिशोब सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकात आनुवंशिकतेचे इंग्रज अभ्यासक फ्रान्सिस गॉल्टन यांना प्रश्न पडला की मोठमोठी घराणी नामशेष का होतात. गॉल्टन यांची माणसांच्या प्रतीबद्दलची मतं मला अजिबात मान्य नाहीत, पण हा प्रश्न त्यांनी सरळ विचारला. १८७३ साली त्यांनी तो गणित म्हणून एका शिक्षणविषयक मासिकात दिला, हेन्री विल्यम वॉटसन या पाद्री-गणितज्ञाने तो सोडवायला घेतला आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून त्यावर निबंध वाचला. वॉटसन यांच्या उत्तरात चूक राहिली होती. सगळीच आडनावं शेवटी संपतात असं त्यांना वाटलं. पण वाट बरोबर होती.

शंभर घरं घ्या, प्रत्येकाचं आडनाव वेगळं. प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा, म्हणजे एकूण माणसं कमी होत नाहीत. पण सरासरी एक म्हणजे कोणाला तीन, कोणाला दोन, कोणाला एकही नाही. नशिबावर सोडलं तर पहिल्याच पिढीत शंभरातल्या ३७ घरांना मुलगा नसतो. दहा पिढ्यांनी, म्हणजे साधारण तीनशे वर्षांनी, शंभरातली ८४ आडनावं गेलेली असतात. कोणी मारलं नाही, रोग आला नाही, दुष्काळ पडला नाही. नुसता मुलगे आणि मुली यांचा हिशोब. लोकसंख्या वाढत असेल तर थोडी जास्त घरं तगतात, प्लेग आला तर आणखी गळतात.

मी हे पहिल्यांदा कागदावर करून बघितलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मला रडू आलं. आजीने आयुष्यभर आईला एक शब्द वाकडा बोलला नाही, पण त्या शेवटच्या बोटाचं ओझं आईने उचललं होतं, आणि मी ते बघितलेलं आहे. ३७ घरं. शंभरातली ३७, पहिल्याच पिढीत. त्यात कोणाचं काय चुकलं?

ह्याच गणिताची दुसरी बाजू अशी, की दहा पिढ्यांनी उरलेल्या १६ घरांत आता सगळी शंभर माणसं असतात. म्हणजे जी थोडी आडनावं जगली, त्यांतली माणसं एकमेकांची खरोखरची भाऊबंद असण्याची शक्यता मोठी. हे नुसतं गणित राहिलं नाही, तपासूनही झालं. तेही लेस्टरमध्ये, इथून गाडीने अर्ध्या तासावर. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, तसंच वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडे जातं. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासून निष्कर्ष छापले. याच टुरी किंग यांनी पुढे वाहनतळाखाली सापडलेला तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा डीएनएवरून ओळखला. स्मिथ मंडळींमध्ये कोणाचं कोणाशी जुळेना. लोहार गावोगाव होते, प्रत्येक गावचा स्मिथ वेगळा. आडनाव जितकं दुर्मीळ तितका मेळ जास्त. आणि ॲटनबरो पुरुषांमध्ये दहातल्या जवळजवळ नऊ जणांकडे गुणसूत्राचा एकच प्रकार निघाला, तोही ब्रिटनमध्ये एरवी क्वचितच दिसणारा, भूमध्य समुद्राच्या आसपास आणि आफ्रिकेत जास्त आढळणारा. कोण्या एका काळी कोणी एक माणूस, बहुधा गढीपाशी राहणारा, आणि आजचे बहुतेक ॲटनबरो त्याचे.

त्याच प्रयोगशाळेने २००७ मध्ये यॉर्कशायरमधल्या एका दुर्मीळ आडनावाबद्दलही लिहिलं होतं. त्या आडनावाचे १८ पुरुष तपासले, सात जणांमध्ये पश्चिम आफ्रिकेतला अत्यंत जुना प्रकार सापडला. सातही जण गोरे, आपल्या घराण्यात आफ्रिका आहे याची कोणालाही कल्पना नाही. कागदपत्रांतून मागे जात १७८० च्या दशकापर्यंत दोन शाखा सापडल्या आणि पुढे वाट बुजली. परक्यांना परत पाठवा म्हणणारी माणसं माझ्या काउंटरपाशीही येतात. त्यांना उत्तर देण्याची मला मुभा नाही. पण ते सात जण मला त्या वेळी आठवतात.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "आणि दहावा?"

दहाव्याबद्दल मला नवांपेक्षा जास्त माया आहे. त्याच्याकडे आडनाव ॲटनबरो, पण गुणसूत्र दुसरं. कुठेतरी मागे एखाद्या लग्न न झालेल्या मुलीने आपल्या लेकराला स्वतःचं आडनाव दिलं असेल. एखादं पोरकं पोर कोणी घरात घेतलं असेल, एखाद्या विधवेचा मुलगा सावत्र बापाच्या नावाने वाढला असेल. अभ्यासाच्या तक्त्यात तो 'न जुळणारा' आहे. पण कोणीतरी त्याला नाव दिलं, जेवू घातलं, म्हणून तर तो त्या तक्त्यापर्यंत पोहोचला.

फ्रेडरिक ॲटनबरो पुढे लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांना आणि त्यांच्या पत्नी मेरी यांना तीन मुलगे. १९३९ साली जर्मनीतून निघालेल्या दोन ज्यू बहिणी, हेल्गा आणि इरीन, त्यांच्या घरी आल्या. थोडे दिवस राहतील असं ठरलं होतं. युद्ध सुरू झालं आणि त्या युद्ध संपेपर्यंत तिथेच राहिल्या. आईबापांनी मुलांना बसवून विचारलं आणि या आता तुमच्या बहिणी असं सांगितलं. पुढे त्या अमेरिकेला गेल्या. आडनावांच्या कुठल्याही मोजणीत त्या ॲटनबरो म्हणून येणार नाहीत.

मोठा मुलगा रिचर्ड. त्यांचा 'गांधी' चित्रपट बाबांनी कोल्हापुरात १९८३ साली पाहिला होता, आणि आमच्या घरात त्याची आठवण निघते ती दिग्दर्शकापेक्षा भानू अथैया यांच्यासाठी. रोहिणी हट्टंगडी यांच्या कस्तुरबा, डॉ. श्रीराम लागूंचे गोखले, हे खरंच; पण वेशभूषेचं ऑस्कर कोल्हापूरच्या मुलीला मिळालं, भारतातलं पहिलं ऑस्कर, ही गोष्ट आजी अशी सांगायची की जणू ते लुगडं तिनेच इस्त्री करून दिलं होतं. आजी कधीही भानू अथैया म्हणायची नाही. "अण्णासाहेब राजोपाध्यांची भानुमती." चित्रकार बापाची मुलगी. पुरस्काराच्या नोंदीत नाव आहे ते लग्नानंतरचं, आणि जगाला तेच ठाऊक आहे. आजीने मात्र तिच्यापुरती ती नोंद दुरुस्त करून ठेवली होती. मुलग्यांची बोटं मोजणारी तीच आजी. दोन्ही गोष्टी एका माणसात कशा राहतात, मला अजून कळत नाही.

तळ्याकडून परत येताना आम्ही सेंट मेरी चर्चच्या आवारात गेलो. शेजारच्या घरात १६११ साली हेन्री आयर्टन जन्मला. क्रॉमवेलचा जावई, चार्ल्स राजाच्या मृत्युदंडावर सही करणारा. बाबांना त्यात रस वाटला नाही. ते आवारातल्या एका स्मारकापाशी थांबले.

पहिल्या महायुद्धात इथून जवळ चिलवेलला तोफगोळ्यांत दारू भरण्याचा कारखाना होता. बायकाही हजारोंनी कामाला होत्या; दारूच्या भुकटीने त्यांची कातडी पिवळी पडायची. १ जुलै १९१८ च्या संध्याकाळी तिथे काही टन दारूचा स्फोट झाला. १३४ माणसं मेली. ओळख पटली फक्त ३२ जणांची. बाकीच्यांना इथे, या आवारात, एकत्र पुरलं. ज्या गावाचं नाव जगातल्या कानाकोपऱ्यात पोहोचलं, त्या गावाच्या मातीत शंभराहून जास्त माणसं अशी झोपली आहेत की कोणतं कोण हे कोणालाच सांगता येत नाही.

बाबांनी पायातले बूट काढले. मी म्हटलं, इथे काढत नाहीत, गवत ओलं आहे. त्यांनी ऐकलं नाही. हात जोडून बराच वेळ उभे राहिले. जवळून एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिने कुत्र्याची दोरी आखडून घेतली आणि आमचं होईपर्यंत लांब थांबून राहिली.

चर्चचं दार उघडं होतं. दोघी म्हाताऱ्या रविवारसाठी फुलं रचत होत्या. दाराजवळच्या मेजावर येणाऱ्यांसाठी वही आणि दोरीला बांधलेलं पेन. बाबांनी वहीची पानं मागे उलटून बघितली, मग ताजं पान काढलं आणि मराठीत, त्यांच्या त्या तलाठी कार्यालयात घोटलेल्या अक्षरात, स्वतःचं नाव, आजोबांचं नाव आणि आडनाव लिहिलं. दोन रकाने ओलांडून गेलं. फुलं रचणाऱ्यांतली एक जवळ येऊन बघू लागली. ही कोणती लिपी, काय लिहिलंय, तिने विचारलं. मी वाचून दाखवलं. तिने ते आडनाव म्हणून बघितलं, दुसऱ्यांदा म्हणून बघितलं, आणि तिसऱ्यांदा तिला बरोबर जमलं.

बाबांनी पेन माझ्याकडे दिलं. मी त्यांच्या खालच्या ओळीत माझं नाव लिहिलं, मग बाबांचं, मग ते आडनाव. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत ते लिहायची वेळ आली नव्हती. शेवटच्या अक्षराची वेलांटी थोडी चुकली. मी ती नीट केली. बाबा तोवर पायरीवर बसून ओल्या मोज्यांवर बूट चढवत होते.